गोदा, गोदू, गोदावरी: या नावाबद्दल ठाऊक असेल ते इथे लिहा

रविवार_कारंजा
सकाळी मोबाइलवर बारशाची पत्रिका आली. मुलीचं नाव गोदा. खाली बारीक अक्षरात अर्थ: "संथ वाहणारी, निर्मळ". नाव वाचलं आणि शाळेच्या जुन्या हजेरीपटातल्या गोदावऱ्या डोळ्यांसमोर आल्या. एका वर्गात दोन-दोन असायच्या. मधल्या काळात हे नाव पाळण्यात पडायचं जवळजवळ थांबलं होतं. आता परत येतंय याचा फार आनंद आहे. पण छापलेला अर्थ चुकीचा आहे, आणि आपल्या नाशकात तरी तो चुकू नये.

गोदा म्हणजे देणारी. 'गो' आणि 'दा' असे दोन तुकडे. दा म्हणजे देणे. गो म्हणजे गाय हे सगळ्यांना माहीत असतं, पण संस्कृतात गो म्हणजे पाणी, पृथ्वी, वाणी, किरण, स्वर्ग असंही आहे. म्हणून गाय देणारी, पाणी देणारी, स्वर्ग देणारी असे तिन्ही अर्थ जुन्या लोकांनी लावलेले आहेत. वाहण्याचा किंवा संथपणाचा त्यात कुठेच संबंध नाही.

नाव, त्याची रूपं, बारसं, दाखला, शुद्धलेखन, ज्याला जे नीट ठाऊक आहे ते लिहा. नाव ठेवणाऱ्याच्या उपयोगी पडेल असं.

शुद्धलेखन_वही
'वरी'चं काय ते आधी सांगते, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

बाळांच्या नावांच्या याद्यांमध्ये "गोदा + वारि = पाणी" असं सर्रास सापडतं. ते बसत नाही. वारि मध्ये वा दीर्घ आहे. तसं असतं तर नाव गोदावारी झालं असतं. आपण गोदावरी म्हणतो, व ऱ्हस्व.

दुसरी फोड परंपरेतली आहे: गोदांमध्ये वरी, म्हणजे देणाऱ्यांमध्ये श्रेष्ठ. कीर्तनात, पुराणात हीच सांगतात, आणि अर्थ म्हणून ती गोडच आहे.

तिसरी व्याकरणाची. मूळ शब्द 'दावन्', म्हणजे देणारा. असा 'वन्' शेवटी असलेला शब्द स्त्रीलिंगी करताना ई लागते आणि न् चा र् होतो. पाणिनीचं सूत्र आहे, 'वनो र च', ४.१.७. पीवन् चं पीवरी होतं, तसं दावन् चं दावरी. गो-दावरी. म्हणजे खरा जोड 'गोदा' नंतर नाहीच, 'गो' नंतर आहे! आणि या सूत्राखाली नेहमी दिलं जाणारं एक उदाहरण आहे शर्वरी. शर्वरीतली वरी आणि गोदावरीतली वरी एकाच घरची. घरात थोरली शर्वरी असेल आणि धाकटीचं नाव शोधत असाल तर जोडी आयती जुळते.

पंचवटीची_सून
वा! शर्वरीचं माहीत नव्हतं 🙏 कुकर लावलाय, नंतर नीट वाचते

आडगाव_नाका
पत्रिकेत "गोदावरि" असं ऱ्हस्व रि छापलेलं दोनदा पाहिलंय. छापणारा म्हणतो श्लोकात तसंच आहे. कोण बरोबर?

शुद्धलेखन_वही
दोघंही, आपापल्या जागी. "गंगे च यमुने चैव गोदावरि सरस्वति" हे संबोधन आहे, नदीला हाक मारलेली आहे. ईकारान्त स्त्रीलिंगी शब्दाचं संस्कृत संबोधन ऱ्हस्व होतं. तिथे सरस्वति पण ऱ्हस्वच आहे बघा. पण पत्रिकेवर, दाखल्यावर, पाळण्याच्या पाटीवर आपण हाक मारत नाही, नाव लिहितो. तिथे री दीर्घच. मराठीत तर शब्दाच्या शेवटची ई दीर्घ हा साधा नियम आहे. गोदू सुद्धा दीर्घ, आणि पुढे ताई लागली तरी गोदूताई.

मराठीतली हाक वेगळी: गोदे! ए गोदे!

तेलुगू_माहेर
एक मोठी गोष्ट राहिली. गोदा नाव ऐकलं की ते नदीवरूनच असेल असं धरून चालू नका.

तमिळनाडूत आणि आंध्र-तेलंगणात गोदा म्हणजे आंडाळ. श्रीविल्लिपुत्तूरची संत-कवयित्री, बारा आळवारांमधली, म्हणजे तमिळ विष्णुभक्त संतकवींमधली एकटी स्त्री. तिचं तमिळ नाव कोदै. कोदै म्हणजे फुलांची माळ. देवासाठी गुंफलेली माळ ती आधी स्वतः घालून बघायची आणि मग देवाला जायची, ती हीच. तमिळ लिपीत क आणि ग ला एकच अक्षर आहे, त्यामुळे कोदै, गोदै असं दोन्ही ऐकू येतं, आणि संस्कृतात ते गोदा झालं. तिच्या तीस पदांचं तिरुप्पावै मार्गळी महिन्यात, म्हणजे साधारण १६ डिसेंबर ते १३-१४ जानेवारी, रोज एक पद असं म्हणतात. भोगीच्या दिवशी गोदाकल्याण, म्हणजे तिचं रंगनाथाशी लग्न.

तेव्हा दक्षिणेकडच्या कुटुंबात गोदा असेल तर अर्थ 'माळ'. नाशिकच्या घरात असेल तर 'देणारी'. अक्षरं तीच, नावं दोन. घरात एक आजी इकडची आणि एक तिकडची असेल तर आधीच ठरवून घ्या. नाहीतर बारशात एक नदीचं गाणं म्हणते आणि दुसरी आंडाळचं. अर्थात दोन्ही म्हटली तरी छानच!

पंचवटीची_सून
माळ!! किती सुंदर

दिंडोरी_रोड
नदीचं नाव मुलीला ठेवू नये, वाहत जाते, असं आमच्याकडे ज्येष्ठ मंडळी म्हणतात. याला आधार काय?

रविवार_कारंजा
आधार मनुस्मृतीतल्या तिसऱ्या अध्यायाच्या नवव्या श्लोकाचा सांगतात. "नर्क्षवृक्षनदीनाम्नीं", म्हणजे नक्षत्र, झाड, नदी यांची नावं असलेली मुलगी. पुढे पर्वत, पक्षी, साप वगैरेही आहेत. पण तो श्लोक नाव ठेवण्याबद्दल नाही, वधू निवडण्याबद्दल आहे. आणि तो लोकांनी पाळलाच नाही. रोहिणी, रेवती, तुळसा, गंगा, यमुना, कृष्णा, नर्मदा, सिंधू, कावेरी. पिढ्यान्‌पिढ्या घराघरात आहेत. तो पाळायचा तर महाराष्ट्रातल्या निम्म्या आज्यांना नावच उरणार नाही. मनातून काढून टाका.

अक्षरांचा एक संकेत मात्र नावाबद्दलच आहे. पारस्कर गृह्यसूत्रात मुलीच्या नावाला विषम अक्षरं, शेवटी आ, आणि नाव तद्धितान्त, म्हणजे दुसऱ्या नावाला प्रत्यय लागून झालेलं, असावं असं म्हटलंय. गोदावरी चार अक्षरी, गोदा दोन अक्षरी. दोन्ही सम. गौतमी तीन अक्षरी आणि तद्धितान्तही, फक्त शेवटी आ नाही. ज्यांना हे पाळायचं असतं ते म्हणून गौतमीकडे वळतात.

त्रिरश्मी
गौतमी निघालीच आहे तर पांडवलेण्यांचं सांगतो. नाशिकमध्ये या नावाचा दगडावरचा पुरावा आहे आणि तो बघायला तिकीट काढून पायऱ्या चढण्यापलीकडे काही लागत नाही.

लेणं क्रमांक ३. व्हरांड्यात मागच्या भिंतीवर, दाराच्या वर, लांबलचक ब्राह्मी लेख. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राज्याच्या १९व्या वर्षातला. हे लेणं दान देणारी बाई गोतमी बलसिरी, म्हणजे गौतमी बलश्री. गौतमीपुत्र सातकर्णीची आई, पुळुमावीची आजी. राजाची आई आणि राजाची आजी असं लेखातच तिला म्हटलंय. आता नाव नीट बघा. 'बलसिरी' हे तिचं स्वतःचं नाव. 'गोतमी' हे गोत्रावरून आलेलं. मुलाची ओळख त्यावरून, गौतमीपुत्र. गौतमी हे नाव म्हणजे गोतमाच्या कुळातली.

नदीला गौतमी म्हणतात ते गौतम ऋषींवरून. ब्रह्मगिरीवर शिवाकडून गंगा आणली ती कथा. गायीच्या हत्येचा ठपका आला म्हणून, आणि पुढे कुशावर्तावर दर्भाने प्रवाह अडवला. ब्रह्मपुराणातलं गौतमीमाहात्म्य याच नदीचं. म्हणजे मुलीचं नाव गौतमी ठेवताना ऋषी, गोत्र आणि नदी अशी तिन्ही धाग्यांची दोरी हातात येते. आणखी एक, बुद्धांना वाढवणारी मावशी महाप्रजापती गौतमी. बौद्ध घरांत हे नाव त्या आदरानेही ठेवलं जातं.

जाता जाता: १० नंबरच्या लेण्यात दखमित्रा, म्हणजे दक्षमित्रा. क्षत्रप राजा नहपानाची मुलगी, उषवदाताची बायको. तिने दिलेल्या खोलीवर तिचं नाव आहे. १८ नंबरच्या चैत्यात भटपालिका. मुलींसाठी जुनी, अस्सल नाशिककर नावं हवी असतील तर हा डोंगर चढा. सकाळी लवकर जा, ऊन तिरकं असतं तेव्हा अक्षरांच्या खाचा उठून दिसतात. दुपारी भिंत सपाट दिसते, काही कळत नाही.

सिडको_आई
पायऱ्या किती आहेत? सासूबाईंना न्यायचंय

त्रिरश्मी
दोनशेच्या आसपास. मध्ये टेकायला कठडे आहेत. पाणी बरोबर ठेवा, आणि पिशवीत खाण्याचं काही दिसू देऊ नका, माकडं आहेत.

तेलुगू_माहेर
गौतमी आंध्रात आजही खूप आहे. राजमहेंद्रीच्या खाली नदी फुटते त्यातला एक मोठा फाटा गौतमी, दुसरा वसिष्ठा. गौतमीच्या काठी यानम. इथे ब्रह्मगिरीवर निघालेलं नाव १४६५ किलोमीटरवर समुद्राशी परत भेटतं.

पळसे_कट्टा
प्राकृतात नदीचं नाव 'गोला' आहे बरं का. हाल सातवाहनाच्या गाथासप्तशतीत गोलेचे काठ, गोलेची झाडी हे वारंवार येतं. द आणि ल ची अदलाबदल दुसरीकडेही सापडते. दोहद, दोहल, आणि त्यातून आपले डोहाळे. कोणी मुलीचं नाव गोला ठेवावं असं म्हणत नाही, मराठीत त्याचा अर्थ दुसराच होतो. पण नाव किती जुनं आणि किती बोलीतलं आहे ते त्यावरून कळतं.

आडगाव_नाका
नाशकात मात्र कोणी गोदावरीवर चाललो म्हणत नाही. गंगेवर चाललो. गंगाघाट, गंगापूर, सगळं गंगाच. रामकुंडावरचं गंगा-गोदावरीचं देऊळ सिंहस्थातच उघडतं, त्याच्याही नावात दोघी आहेत.

रविवार_कारंजा
हो, आणि म्हणूनच नाशिकच्या जुन्या घरांत गंगूबाई आणि गोदाबाई या दोन्ही नावांमागे नदी एकच असू शकते. वंशावळ लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

दाखला_खिडकी
दाखल्याचं लिहितो, गर्दीत अडकण्यापेक्षा आधी माहीत असलेलं बरं.

जन्माची नोंद २१ दिवसांत. रुग्णालयात झाला तर रुग्णालय कळवतं. नोंद जिथे जन्म झाला तिथल्या कार्यालयात होते, तुम्ही राहता तिथल्या नाही. माहेरी सिन्नरला बाळंतपण झालं तर नाशिक महापालिकेच्या खिडकीवर उभं राहून उपयोग नाही.

नाव ठरलेलं नसेल तर घाईने काहीतरी लिहू नका. नावाची जागा रिकामी ठेवून नोंद होते. नोंदीनंतर १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. लोक चुकतात ते इथे: आधी घाईत घरचं लाडाचं नाव, 'गोदू', देतात आणि मग गोदावरी करायला जातात. रिकाम्या जागी नाव घालणं सोपं. एकदा घातलेलं नाव बदलणं हे वेगळं, लांबचं काम.

जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर, १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळा, पासपोर्ट, मतदार यादी सगळीकडे जन्मदाखलाच मुख्य पुरावा. त्यामुळे पहिलंच अक्षर बरोबर हवं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात राज्यात क्रम असा: मुलीचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव.

इंग्रजी स्पेलिंग. गोदावरीतला व 'व्ही'ने की 'डब्ल्यू'ने? दोन्ही चालतं, पण एकदा ठरवा आणि कागदावर लिहून खिडकीवर द्या, तोंडी सांगू नका. नदीचं सरकारी स्पेलिंग व्ही. आधारमध्ये मराठीवरून इंग्रजी आपोआप उमटतं, तिथे डब्ल्यू पडू शकतो. पावती हातात घेण्याआधी पडद्यावरचं अक्षर अन् अक्षर वाचा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. गौतमीत आणखी एक गंमत, मध्ये 'टी' की 'टीएच'. दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं झालं की पासपोर्टच्या वेळी सगळं थांबतं.

सिडको_आई
हे फार कामाचं आहे, स्क्रीनशॉट घेतला 🙏

दिंडोरी_रोड
जुन्या कागदांचं पण जोडा कोणीतरी. सातबाऱ्यावर गोदाबाई, शाळेच्या दाखल्यावर गोदावरी, रेशनकार्डावर गोदूबाई असं असतं, आणि लग्नात नाव बदललेलं असेल तर चौथंच.

दाखला_खिडकी
वारसनोंदीला ही सगळी एकाच व्यक्तीची नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. त्यात प्रत्येक कागदावर नाव जसं आहे तसंच, चुकीच्या वेलांटीसकट उतरवा. लोक प्रतिज्ञापत्रात शुद्ध करून लिहितात आणि मग ते कुठल्याच कागदाशी जुळत नाही. सातबाऱ्यावर 'गोदाबाई भ्र.' आणि पुढे नवऱ्याचं नाव असं दिसेल, भ्र. म्हणजे भ्रतार. तेही उतरवा.

पळसे_कट्टा
लग्नात नाव बदलण्याचं मोठं उदाहरण म्हणजे गोदूबाई. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई झाल्या, पुढे बाया कर्वे. पुस्तकात आनंदीबाई शोधाल तर गोदू सुटते.

आणि उलट उदाहरण गोदावरी परुळेकरांचं. १९०७ ते १९९६. १९४५ चा वारली आदिवासींचा उठाव, तलासरी, डहाणू, उंबरगावचा पट्टा. कागदोपत्री गोदावरी, लोकांच्या तोंडी गोदूताई. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार महिलांच्या घरकुलांनाही गोदूताईंचंच नाव आहे. आखूड रूप हे कमी प्रतिष्ठेचं असतं असं समजू नये.

पंचवटीची_सून
कुकर झाला. आता बारशाचं मी सांगते.

राशीवरून ठेवत असाल तर गो हे शततारका नक्षत्राचं पहिलं चरण. गो, सा, सी, सू. कुंभ रास. पंचांगात गौ वेगळं देत नाहीत, गो मध्येच धरतात, म्हणून गौतमीही कुंभेचीच.

तांदळात नाव लिहायचं असेल तर ताट सपाट आणि निदान बारा इंची घ्या. चार अक्षरं आहेत, त्यात शेवटी दीर्घ वेलांटी. लहान ताटात 'री' काठावर चढते. तांदूळ दोन वाट्या, कोलम. बासमती नको, दाणा लांब असतो, रेघ धरत नाही. थर पातळ, अंगठी ओढली की ताटाचा तळ दिसला पाहिजे. शिरोरेघ आधी ओढा. नंतर ओढली तर तांदूळ सरकून अक्षरांची डोकी बुजतात. गो ची मात्रा आणि री ची वेलांटी रेघेच्या वर जाणार, म्हणून रेघ ताटाच्या मध्याच्या थोडी वर, पण वरती तीन बोटं जागा ठेवून.

आत्या कानात सांगते तेव्हा पूर्ण नाव सांगायचं, गोदावरी. लाडाचं नाव ज्याचं त्याला सुचतंच.

आडगाव_नाका
घुगऱ्यांचं प्रमाण सांगा ना काकू, रविवारी आहे बारसं. चाळीस बायका.

पंचवटीची_सून
हरभरे कोरडे दोन किलो पुरतील. रात्री भिजत घाला, दहा तास तरी. फुगून दुपटीहून जास्त होतात. सकाळी पाणी बदलून कुकरला मध्यम आचेवर तीन-चार शिट्ट्या, आणि वाफ आपली आपण जाऊ द्या. घाईने शिट्टी उचललीत तर सालं फुटतात. मीठ, थोडं तिखट, खोबऱ्याचा कीस. पूर्ण गार झाल्याशिवाय पिशव्यांत भरू नका. गरम भरल्या की आतून घाम धरतो आणि संध्याकाळी आंबूस वास येतो.

आडगाव_नाका
मस्त. गहू पण घालतात ना काही जण?

पंचवटीची_सून
घालतात, पण वेगळे शिजवा. गव्हाला जास्त वेळ लागतो, एकत्र टाकले तर हरभऱ्याचा लगदा होतो.

रविवार_कारंजा
पत्रिका पाठवणाऱ्यांना आत्ताच फोन केला. दुसरी छपाई उद्या आहे. अर्थाच्या ओळीत काय लिहू, 'देणारी' पुरेल?

शुद्धलेखन_वही
"गोदा: पाणी देणारी." आणि गोदा मध्ये काना आहे ना तो एकदा तपासून घ्या, फोटोत 'गोद' असं वाचल्यासारखं वाटतंय.